सातशे अधिक सातशे

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा. एसटी स्टँडपासून पायी निघालात तर वीस मिनिटांत तीन-चार 'कॉन्व्हेंट' लागतात. एक मारुतीच्या नावाचं, एक कुण्या माजी आमदाराच्या आईच्या नावाचं, एकाच्या फाटकावर नुसतंच 'इंग्लिश कॉन्व्हेंट'. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. 'पोरगी कॉन्व्हेंटमध्ये टाकली' म्हणजे टाय, बूट, पिवळी व्हॅन आणि दर तीन महिन्यांनी फी. कॉन्व्हेंट या शब्दाचा मूळ अर्थ धर्मभगिनींचा मठ. पण या इमारतींत कुठल्या सिस्टरनं कधी पाऊलही ठेवलेलं नसतं.

यात हसण्यासारखं आहेच, पण भाषेनं जे केलं तेच आपण सगळ्यांनी केलंय. 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' हा शब्द लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ'च्या शेजारी जाऊन बसला. इंग्रजी घेतलं, शिस्त घेतली, प्रार्थनेची रांग घेतली, शाळेची डायरीसुद्धा घेतली. ज्या बायकांनी हे उभं केलं त्यांचं काम काय होतं आणि कुणासाठी होतं, हा भाग तेवढा वगळला. एखाद्या माणसाचं काम वगळायची सगळ्यात सभ्य रीत म्हणजे त्याला देवत्व देणं. सिस्टरचा विषय निघाला की आपण 'केवढा त्याग!' म्हणतो, एक हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पुढच्या रीलवर जातो.

माझं भांडण या हात जोडण्याशी आहे. त्यासाठी एकाच सिस्टरचं उदाहरण घेते, कारण तिच्या कामाचे आकडे आहेत आणि आकड्यांसमोर हात जोडून सुटका होत नाही.

सिस्टर सिरिल मूनी. जन्म १९३६, आयर्लंडमधलं ब्रे हे समुद्रकाठचं गाव. लोरेटो संघात दाखल होऊन १९५६ साली, म्हणजे जेमतेम विशीत, भारतात आल्या. प्राणिशास्त्रात पीएच.डी. होत्या. १९७९ साली कलकत्त्याच्या लोरेटो डे स्कूल, शियालदा या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि २०११ पर्यंत त्या खुर्चीवर होत्या. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. जून २०२३ मध्ये वारल्या. चरित्र म्हणून एवढं पुरे, कारण त्या किती साध्या राहायच्या आणि किती गोड हसायच्या यावर लिहायला लागलं की आपण पुन्हा हात जोडण्यावर येतो.

त्याच लोरेटो संघातली दुसरी एक शिक्षिका जगाला ठाऊक आहे. मदर तेरेसा १९२९ साली लोरेटोच्या म्हणूनच भारतात आल्या आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी कलकत्त्याच्या एंटाली भागातल्या लोरेटोच्या आवारात मुलींना शिकवलं. १९४८ साली त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि गरिबांकडे गेल्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९७९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्याच १९७९ मध्ये, एंटालीपासून फार लांब नसलेल्या शियालदात, सिस्टर सिरिल मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी बरोबर उलटं केलं. त्यांनी फाटक उघडलं आणि गरिबांना आत घेतलं.

हे दुसरं काम जास्त अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर जाऊन सेवा करणाऱ्या बाईला आपण देणगी देतो, तिच्या नावाचा चौक करतो, कारण तिच्या कामामुळे आपल्या मुलीच्या बाकावर शेजारी कोण बसणार हे बदलत नाही. फाटक उघडलं की ते बदलतं.

शियालदा म्हणजे कलकत्त्याचं प्रचंड मोठं रेल्वे टर्मिनस. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं याच स्टेशनच्या फलाटांवर महिनोन् महिने राहिली होती. फलाटावर, पुलाखाली, फुटपाथवर वाढणारी मुलं हे तिथलं रोजचं दृश्य. आणि त्याच परिसरात लोरेटोची जुनी, नावाजलेली मुलींची शाळा. १९७९ साली या शाळेच्या पटावर ७९० मुली होत्या, त्यातल्या ९० गरीब घरच्या. १९९८ च्या सुमाराला पटावर १४०० मुली होत्या आणि त्यातल्या ७०० फी न भरणाऱ्या.

आता वजाबाकी करा. ७९० वजा ९०, सातशे. १४०० वजा ७००, सातशे. फी भरणाऱ्या मुलींची संख्या होती तिथेच राहिली. कुणाच्या तोंडचा घास काढून घेतला नाही, पंगतीत पाट वाढवले. ही वजाबाकी मी पहिल्यांदा केली तेव्हा दोनदा तपासली, कारण आपल्याकडे या विषयावरची अख्खी भांडणं 'आमची सीट जाते' या एका वाक्यावर उभी असतात. शियालदात कुणाची सीट गेली नाही. नव्या मुली आल्या आणि बाकं आणली.

पण पटावर नाव यायला आधी वय, वेळ आणि कागद जुळावे लागतात. फलाटावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीकडे जन्मदाखला नसतो, ती सकाळी भंगार वेचायला जाते आणि तिला अक्षरओळख नसते. तिला पहिलीत बसवलं तर ती आठवड्यात पळेल, पाचवीत बसवलं तर तिला काही कळणार नाही. याच्यासाठी सिस्टर सिरिल यांनी १९८५ पासून 'रेनबो' नावाची व्यवस्था लावली. शाळेच्याच इमारतीत, वरच्या गच्चीवर. या मुलींनी जमेल तेव्हा यायचं, जमेल तेवढा वेळ बसायचं. घंटा त्यांच्यासाठी नव्हती. शिकवणार कोण? खालच्या वर्गांतल्या मुली. पाचवीपासूनच्या मुली आपल्या ठरलेल्या तासाला वर जायच्या आणि एकीनं एकीला शिकवायचं. हा तास वेळापत्रकात होता, कार्यानुभवाच्या विषयात धरलेला. तयारी झाली की ती मुलगी आपल्या वयाच्या वर्गात, नेहमीच्या शाळेत जाऊन बसायची.

कार्यानुभव! तुम्ही कार्यानुभवात काय केलंत ते आठवा. मी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं, लोकरीचं फूल केलं, आणि दोन्ही आईनं रात्री अकरा वाजता पूर्ण केलं. तोच विषय, त्याच तासिका. एका शाळेनं त्यातून रस्त्यावरच्या मुलींसाठी शिक्षिकांची फौज उभी केली आणि दुसऱ्यांनी थर्माकोलचा धंदा. यात त्याग कुठे आहे मला सांगा. यात डोकं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एक सवय लावतात: नवीन सर्व्हर मागण्याआधी आहेत ते किती वेळ रिकामे पडून असतात ते बघायचं. मला सिस्टर सिरिल यांच्या कामात ती नजर दिसते, म्हणून त्या मला संतापेक्षा इंजिनिअर वाटतात. मोठ्या मुलींकडे वेळ होता, तो वापरला. गच्ची रिकामी होती, ती वापरली. शाळा रात्री रिकामी असते आणि मुली रात्री स्टेशनवर असुरक्षित असतात, ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि मुली रात्रीही शाळेतच राहू लागल्या. दहावीच्या पुढे शिक्षण न झालेले तरुण-तरुणी वस्त्यांत रिकामे होते, त्यांना प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण दिलं, अनवाणी शिक्षक म्हणून. विटभट्ट्यांवरच्या मुलांपर्यंत शाळा गेली. शाळेतल्या मुलींनी आपापल्या गल्लीत घरकामाला ठेवलेली लहान मुलं शोधली, त्यांच्याशी मैत्री केली आणि मालकिणीशी बोलून त्यांच्यासाठी थोडा वेळ मागून घेतला. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बारा-तेरा वर्षांच्या मुली शेजारच्या काकूंकडे जाऊन 'तुमच्याकडच्या मुलीला तासभर सोडता का' असं विचारतात. हे धाडस कुठल्या पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये मिळतं? फी सांगा, मी भरते.

आता 'त्याग' या शब्दाबद्दल. हा शब्द बायकांच्या बाबतीत फार सोयीचा आहे. आई पहाटे पाचला उठते, तिचा त्याग. आशाताई तुटपुंज्या मानधनावर घरोघर फिरते, तिचा त्याग. एकदा त्याग म्हटलं की पगार द्यावा लागत नाही, डोक्याचं श्रेय द्यावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे तेच काम आपण का करत नाही याचं उत्तर द्यावं लागत नाही. एखाद्या पुरुषानं बत्तीस वर्षं एक संस्था चालवून तिचा पट जवळपास दुप्पट केला असता आणि शिकवायची नवी पद्धत बसवली असती, तर त्याच्यावर मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात धडा असता. सिस्टर असली की ती 'प्रेमळ' असते.

लोक मला यावर उत्तर देतात ते साधारण तीन प्रकारचं असतं.

पहिलं: 'त्या नन होत्या, त्यांना संसार नव्हता, त्यांना जमतं.' बरं. मग शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांचं काय? त्या साड्या नेसून बसनं येणाऱ्या, घरी मुलं-सासू-सासरे असलेल्या, पगारी बायका होत्या. गच्चीवर शिकवणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलींनी ब्रह्मचर्याची शपथ घेतली नव्हती. सिस्टरनं स्वतःचं आयुष्य दिलं हे खरं, पण तिनं जे बांधलं ते चालवायला दुसऱ्या कुणाला आयुष्य द्यावं लागू नये अशा बेतानं बांधलं. पुढे हीच कल्पना घेऊन, शाळांच्या मोकळ्या जागेत रस्त्यावरच्या मुलांची निवासी घरं, पुण्यासह इतर शहरांतही उभी राहिली आणि ती चालवणारे लोक काही नन नाहीत. पैशांचं म्हणाल तर शाळेला देणग्या यायच्या, परदेशातूनही यायच्या, हे लपवायचं कारण नाही. पण देणग्या आपल्याकडच्या किती शाळांना येतात हे शाळेच्या हॉलमधली संगमरवरी पाटी वाचली तरी कळतं. त्या पैशांचं पुढे काय झालं, हे मात्र पाटीवर नसतं.

दुसरं: 'यांना शेवटी धर्मांतरच करायचं असतं.' हा आरोप जुना आहे आणि सध्या तो नुसता कट्ट्यावरचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली; आठवडाभरानं ऑगस्टमध्ये जामीन मिळाला. तर शियालदाबद्दल एवढंच सांगते: सातशे मुलींना फुकट शिकवून पुढे त्यांना काय विचारलं गेलं? तर वर जाऊन आणखी एकीला शिकवशील का. ज्यांना धर्माची काळजी वाटते त्यांनी प्रत्येक जिल्ह्यात अशी एक शाळा काढावी, निम्म्या जागा फुकट ठेवाव्यात आणि गच्ची उघडावी. देवस्थानांच्या दानपेट्या काही रिकाम्या नाहीत. स्पर्धा झाली तर बरंच होईल. आरोपी म्हणून पकडायची आणि संत म्हणून पूजायची, या दोन टोकांमध्ये सिस्टर शिकवते काय, हे बघायला कुणालाच सवड नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात खरं आहे, कारण ते मनापासून येतं: 'अशी मुलं आली की वर्गाची लेव्हल पडते.'

हे वाक्य मी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं, २०२४ च्या उन्हाळ्याआधी. संदर्भ तुम्हाला आठवत असेल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत पालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही असा कोपरा शोधून दाखवा. म्हणजे कायदा शिल्लक ठेवून त्याचा जीव काढायचा. माझ्या टीममधल्या ज्यांची मुलं तेव्हा नर्सरीत होती त्यांना हायसं वाटलं. ते वाईट लोक नाहीत. दर वर्षी एक दिवस ते 'सीएसआर' म्हणून अनाथाश्रमात जातात, केक कापतात, फोटो चांगले येतात. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला, तेव्हा कॅन्टीनमध्ये कुणी काही बोललं नाही.

माझी मामेबहीण याच २५ टक्क्यांतून २०१४ साली पुण्यातल्या एका शाळेत गेली. मामा रिक्षा चालवतो. शाळेचं नाव घेत नाही, पण जे झालं ते सांगते. पुस्तकं बाकीच्यांना जूनमध्ये मिळाली, तिला ऑगस्टमध्ये. पालकांच्या सभेची वेळ वेगळी. वर्गात बाई हजेरी घेताना तिच्यासारख्या चौघांना शेवटी 'आरटीई' म्हणून एकत्र पुकारायच्या. ती घरी येऊन आईला विचारायची, माझं आडनाव आरटीई आहे का? मामी हसायची आणि मग आत जायची. सहलीला ती गेली नाही, कारण सहलीचे पैसे 'योजनेत बसत नाहीत'. पण लेव्हल? चौथीपर्यंत तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं झालं. लेव्हल मुलांमुळे पडत नाही. चार मुलांना शेवटी पुकारलं की उरलेल्या छत्तीस मुलांना एक गोष्ट कायमची शिकवली जाते, आणि ती कुठल्याही निकालपत्रावर छापून येत नाही.

शियालदात २५ टक्के नव्हते, पन्नास होते. कायद्याच्या तीस वर्षं आधी सुरू झालेले, कुणी सक्ती न केलेले. शाळा राज्य मंडळाची, मुली इतरांसारख्याच माध्यमिकच्या परीक्षेला बसायच्या. आणि फी भरणारे पालक पळाले का? सातशे तेव्हाही होते, सातशे नंतरही. 'लेव्हल पडते' हा अंदाज असता तर आपण अंदाजानं भांडलो असतो. पण हा प्रयोग बत्तीस वर्षं एका मुख्याध्यापिकेच्या हाताखाली चालला आणि शाळा उभी राहिली. आता ज्यांना लेव्हलची भीती वाटते त्यांनी आपले आकडे आणावेत.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी मिशनरी शाळांची वकिली करतेय. तर आता त्यांच्याकडे वळते. शिक्षण हक्क कायद्याचे हे २५ टक्के अल्पसंख्याक संस्थांना लागू नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सूट दिली आणि २०१४ च्या प्रमती खटल्याच्या निकालानं सगळ्याच अल्पसंख्याक शाळा कायद्याबाहेर गेल्या. म्हणजे खरीखुरी कॉन्व्हेंट, जिथे खरोखर सिस्टर राहतात, त्यांना फाटक उघडायची सक्ती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालावर शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितला. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अल्पसंख्याक शाळांतल्या वंचित घटकांतल्या मुलांचं प्रमाण ८.७६ टक्के दिलं आहे. आयोगाचा हेतू काय होता यावर खुशाल वाद घाला, मीही घालीन. पण आठ आणि पन्नास यांच्यामध्ये बरीच मोठी मोकळी जागा आहे, आणि ती हेतूंच्या चर्चेनं भरत नाही.

अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क हवाच. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या छोट्या ख्रिस्ती समाजानं आपल्या पोरांसाठी शाळा काढली तर सरकारनं त्यात नाक खुपसू नये. पण मुंबई-पुण्यातल्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये बहुतेक मुलं आमच्यासारख्यांची, फी भरणाऱ्यांची असतात, तिथे हा हक्क नेमका कुणाचं रक्षण करतो? तिथे अल्पसंख्याक म्हणजे कोण, कॅथलिक की श्रीमंत? कायद्यानं सूट दिली म्हणून सूट घ्यायलाच पाहिजे असं नाही. सिस्टर सिरिल यांच्यावरही २५ टक्क्यांची सक्ती नव्हती. त्यांचा फोटो शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लावायचा आणि प्रवेशाच्या फॉर्मवर आई-वडील दोघांचं उत्पन्न विचारायचं, हा उद्योग एकाच इमारतीत चालू शकतो, कारण फोटो बोलत नाही.

आणि आपण मराठी लोकांनी तर हे सगळं नवीन असल्यासारखं ऐकूच नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहिली, एका चुलीवरचं जेवली. तेव्हाही लोक म्हणालेच असतील की लेव्हल पडते, फक्त तेव्हा त्याला बाटणं म्हणायचे. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांना तरी प्रामाणिक म्हणायला हवं. त्यांना त्या शाळेचा अर्थ नीट कळला होता. आपण ३ जानेवारीला फोटोला हार घालतो आणि ४ जानेवारीला नर्सरीच्या ऑनलाइन फॉर्मसाठी सहा टॅब उघडून बसतो.

माझ्या वयाच्या लोकांना मी हे मुद्दाम सांगतेय. पुढच्या पाच-सात वर्षांत तुमचीही मुलं शाळेत जातील. तुम्ही शाळा बघायला जाल, स्विमिंग पूल बघाल, एसी बस बघाल, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण विचाराल. तेव्हा आणखी एक विचारा: फी न भरणारी मुलं किती आणि ती कुठे बसतात? हा प्रश्न फी भरणाऱ्या पालकानं विचारला तरच शाळेला ऐकू येतो. माझ्या मामानं विचारला तर त्याला 'योजनेचं' काउंटर दाखवतात.

मी राहते त्या भागात एक मोठी शाळा आहे. साडेतीनला सुटते. पावणेचारला तिच्या चार मजल्यांवर वॉचमन सोडून कुणी नसतं. मागच्या भिंतीला लागून बत्तीस मजली टॉवरचं काम चालू आहे आणि भिंतीपलीकडे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. तिथली मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर असतात. काम संपलं की कुटुंब दुसऱ्या साइटवर, त्यामुळे जवळच्या पालिकेच्या शाळेत नाव घातलं तरी टिकत नाही. नेमकी तीच मुलं, ज्यांच्यासाठी शियालदाला घंटा नसलेली गच्ची होती. मी आणि इमारतीतल्या दोघांनी मिळून शाळेला ईमेल केली. आठवड्यातले तीन दिवस, चार ते सहा, तळमजल्यावरचा एक वर्ग. शिकवायला आम्ही, आणि शाळेला चालणार असेल तर आठवी-नववीच्या मुली, कार्यानुभवाच्या तासांत धरून. खर्च शून्य, साफसफाई आमच्याकडे.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. सुरक्षा आणि विम्याच्या कारणांमुळे बाहेरच्या मुलांना आवारात प्रवेश देता येणार नाही, आपल्या सेवाभावाचं मात्र व्यवस्थापनाला मनापासून कौतुक वाटतं. मी परत लिहिलंय की कौतुक नको, वर्ग हवा. शनिवारी त्याच तळमजल्यावर बाहेरच्या एका डान्स अकॅडमीचे क्लास भरतात, त्यांच्या विम्याचं काय केलंत तेही कळवा.